मोगऱ्याखालची ओल

"ओल आहे. पुन्हा ओल आहे. काय म्हणावं या घराला!"

माझ्या उशीपासून हातभर अंतरावर, खिडकीच्या गजांपलीकडे, तात्या उकिडवे बसून पुटपुटत होते. मी गोधडीतच होते. आमच्या वडलांना माणसांशी बोलायला शब्द सापडत नसत. झाडाजवळ बसले की मात्र तोंड थांबत नसे.

"बोट घाल. घालून बघ. हे बघ, माती चिकटतीय. चिकटायला नको, भुरभुरायला पाहिजे. आता हिला काय सांगू मी?"

हे कुणाला सांगतायत म्हणून मी मान उचलून पाहिलं. समोर शेजारच्यांचं मांजर बसलं होतं.

थोड्या वेळानं ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. बोटाला माती तशीच.

"मोगऱ्याला पाणी कुणी घातलं?"

"मला दुसरे धंदे नाहीत का?" आई चुलीवरून मान न वळवता म्हणाली.

"मी नाही बाई," माझी धाकटी बहीण वैजू तोंडात ब्रश धरून म्हणाली. "मला तुमच्या झाडांचं तोंड बघायचं नाही. बारावीच्या पेपराच्या दिवशी मला कुंड्या हलवायला लावल्या होत्या."

मग तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर चुलीवरच्या आधणाकडे वळवली.

"मी नाही, तात्या."

"तुला कोण म्हणतंय," ते म्हणाले. पण त्यांच्या मनात माझंच नाव होतं, हे तिघींनाही कळलं. आणि मी खरंच घातलं नव्हतं.

तात्या फलटणजवळच्या साखर कारखान्याच्या विश्रामगृहात माळी होते. तिथली बाग कारखान्याची, घरची त्यांची स्वतःची. पूर्वेच्या भिंतीलगत मोगऱ्याची सहा झुडपं, न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली एक लिंबोणी, कोपऱ्यात शेवगा, आणि शेजाऱ्यांच्या आंब्याची भिंतीवरून आमच्याकडे आलेली एक फांदी, जिला तात्या 'आपला आंबा' म्हणत. मोगरा पौषात छाटायचा, पानं खुडायची, बुडाची माती उकरून मुळांना वारा द्यायचा आणि पाणी तोडायचं. पंधरा-वीस दिवस झाडाला असा ताण द्यायचा. मग शेणखत आणि भरपूर पाणी. तहानलेलं झाड पाणी मिळाल्या मिळाल्या कळ्यांवर येतं. मधेच पाणी गेलं तर झाड नुसती पानं काढून मोकळं होतं आणि ताण पहिल्यापासून धरावा लागतो.

आणि तात्यांचा एक नेम होता. ताणातलं झाड सोडून ते गावाला जात नसत. सख्ख्या चुलतभावाच्या तेराव्याला गेले नव्हते. "पाणी तोडणाऱ्यानं रोज बघितलं पाहिजे," ते म्हणत. "तोडायचं आणि फिरायला जायचं, असं नसतं."

माझं सगळं या नेमावर अडलेलं होतं. मी सासरहून आठ दिवसांसाठी आले होते. नवऱ्याचं कार्ड आलं होतं, की दूध संघातून रजा मिळत नाही, तुम्हीच आणून सोडा. पोरीला एकटीला सासरी धाडायची आमच्यात पद्धत नव्हती. म्हणून तात्यांनी ठरवलं होतं, मोगऱ्याला पाणी सोडलं की दुसऱ्या दिवशीच्या एसटीनं तुला करमाळ्याला पोचवतो.

म्हणजे त्या वर्षी वसंत आला की मला जायचं होतं. येऊ नये असं वाटणारी गावात मी एकटीच असेन.

आले होते संक्रांतीला. लग्नानंतरची पहिली संक्रांत, म्हणून काळी साडी आणि हलव्याचे दागिने. आईनं महिनाभर रात्रंदिवस दाणे ओवले होते, माझ्या लग्नातल्या मापानं. बांगड्या घातल्या तर त्या कोपरापर्यंत सरकल्या आणि तिथून परत खाली आल्या. आई क्षणभर बघत राहिली.

"दोरा सैल बांधला गेला माझ्याकडून," ती म्हणाली. तिथंच पाटावर बसली आणि प्रत्येक बांगडीतले सात-आठ दाणे काढून टाकले. कंबरपट्ट्यातले किती काढले, ते मी बघितलं नाही.

हळदीकुंकवाला बायका आल्या. शेजारच्या लीलाकाकूंच्या जिभेला हाड कधी नव्हतंच. त्या मला आपादमस्तक बघून म्हणाल्या, "काय गं शालन, लग्नात चांगली पाट्यासारखी होतीस. आता वरवंटासुद्धा नाही राहिलीस. उदबत्ती झालीस की गं!"

"पित्त आहे तिला," आई म्हणाली.

"मग आमसुलाचं सार द्या."

"देते ना. रोज देते."

त्या महिन्यात आमच्या घराला पित्ताचा फार मोठा आधार झाला. ब्लाउज का सैल झाले? पित्त. सकाळी उठताना भिंतीला का धरते? पित्त. वैजूनं एकदा विचारलं, "ताई, तू इतकी भराभर का जेवतेस? कुणी मागं लागलंय का?" तर आईनं तिलाच दटावलं, "जेवताना बोलू नये. पित्त होतं."

लोणंदची माणसं वैजूला बघायला येणार होती. त्यांचा निरोप आला: थोरली माहेरी आहे असं कळलं, ती सासरी गेली की मग बघू. निरोप आणणाऱ्यानं तो चहा पिता पिता सांगितला आणि वर हसला. "काही नाही हो, त्यांचं आपलं एक म्हणणं."

"बरोबर आहे त्यांचं," आई म्हणाली. "जाणारच आहे ती. तिचं काय!"

मी आतून ऐकत होते. वैजू माझ्याशेजारी कोथिंबीर निवडत होती. तिनं काडी आणि पान दोन्ही एकाच ताटलीत टाकायला सुरुवात केली होती.

तेव्हापासून मी रोज सकाळी बागेवर नजर ठेवू लागले, पोलीस ठेवतात तशी. शेवगा पांढरा झाला. 'आपल्या आंब्या'च्या फांदीवर मोहोर आला, खालचा धुण्याचा दगड चिकट झाला. लोक नाक वर करून वास घेत, मी श्वास धरून कपडे धूत असे. कुठंतरी तांबट पक्षी टुक टुक करायला लागला, आणि ते मला घड्याळ चालल्यासारखं ऐकू येई. कडुलिंब पिवळा पडून झडू लागला, आई दिवसातून तीनदा अंगण झाडू लागली. एकटा मोगरा तेवढा काटक्यांसारखा उभा. त्याची काटकी न् काटकी मला माझ्या बाजूची वाटे. आणि त्याच्याखाली पुन्हा ओल सापडली की तात्या कपाळाला हात लावत, "गेले पंधरा दिवस. आता पहिल्यापासून." मी मान खाली घालून पीठ मळत असे. चेहरा कुणाला दिसू नये म्हणून.

ट्रंकेचं प्रकरण त्याच दिवसांतलं. माझी सासरहून आणलेली पत्र्याची ट्रंक कॉटखाली असे. एके दुपारी आई म्हणाली, "मुंग्यांची रांग लागलीय बघ, कुठं चाललीय कुणास ठाऊक." ती झाडू घेऊन रांगेच्या मागं गेली. मी उठून अडवणार, तोवर तिनं ट्रंक ओढली होती.

साड्यांच्या खाली, वर्तमानपत्रात, भाकरीचे तुकडे होते. काही कालचे, काही चार दिवसांपूर्वीचे. एक तिळाचा लाडू, अर्धा खाल्लेला. तो मला चांगला आठवतो, कारण मी तो अर्धा ठेवताना 'उद्या' असं म्हणून ठेवला होता. माझ्याच आईच्या घरात.

मला वाटलं, आता ती विचारेल. मी काय उत्तर द्यायचं याची मनात जुळवाजुळव करत होते. पित्तात हे बसत नव्हतं.

आईनं तुकडे उचलून गाईसाठी बाजूला काढले. साड्या झटकल्या, उन्हात टाकल्या. ट्रंक ओल्या फडक्यानं पुसली. मग स्वयंपाकघरात गेली आणि घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन आली. त्यात शेंगदाण्याचे लाडू होते आणि दशम्या. डबा तिनं ट्रंकेच्या कोपऱ्यात ठेवला, वरून साडी घातली.

"याला मुंग्या लागत नाहीत," एवढंच म्हणाली.

त्यानंतर तो डबा रिकामा झालेला मी कधी बघितला नाही. मी खात होते आणि तो भरलेलाच राहत होता.

चोर सापडला तो माघात. पहाटे मला न्हाणीकडं जायचं होतं. अंधार विरळ झाला होता. बघते तर भिंतीशी आई, पदर खोचून वाकलेली. तांब्या इतका खाली धरलेला की पाण्याचा आवाजसुद्धा होऊ नये.

"आई?"

"अगं मेले! ओरडू नकोस."

"तू घालतेस पाणी?"

"तांदळाचं धुवण आहे. फेकून कशाला द्यायचं."

"पहाटे पाचला तांदूळ धुतलेस?"

ती पुढच्या झुडपाकडं सरकली.

"अगं, त्यांना पुन्हा ताण धरावा लागेल. पुन्हा पंधरा दिवस."

"मग धरतील. त्यांना दुसरं काय काम आहे." तिनं तांब्या उपडा करून शेवटचा थेंब झटकला. तोंडानं काहीतरी हिशेब करत होती. "शिवरात्रीपर्यंत निघेल," ती म्हणाली.

काय निघेल, ते मी विचारलं नाही. मला क्षणभर वाटलं होतं, तिला तहानलेलं झाड बघवत नसेल. ती झाडाला पाणी घालतच नव्हती. पंधरा-पंधरा दिवस मागून घेत होती, आणि तेवढंच तिच्या हातात होतं. त्याच्या पुढचंही, मला न धाडणंही, असू शकतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच दिवशी आठ वाजता, कडुलिंबाचा पाला झाडता झाडता, तीच आई भिंतीपलीकडं ओरडून सांगत होती, "जाईल हो लीलाबाई आता आठ दिवसांत! सासरची माणसं डोळ्यांत तेल घालून वाट बघतायत!" आणि दुपारी मशीनवर बसून माझ्या ब्लाउजांना दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा इंच शिलाई मारत होती. ओठांत टाचण्या होत्या, म्हणून आम्हाला दोघींनाही बोलावं लागलं नाही.

तिसऱ्यांदा ओल निघाली तेव्हा तात्या पुटपुटले नाहीत. संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली.

"शालन, हे बघून जा."

खिडकीखालच्या दोन झुडपांना पालवी फुटली होती. तांबूस, तुकतुकीत, नखाएवढी पानं.

"नुसती पालवी," ते म्हणाले. "या दोघांवर यंदा कळी कमी."

"बाकीची?"

"बाकीची दम धरून आहेत." ते खुरप्यानं माती उकरायला लागले. "ताण किती द्यायचा, याला पुस्तक नाही बघ. दुपारी पान मान टाकतं. टाकू दे. सकाळी उठून उभं राहिलं की समजायचं, अजून जीव आहे. सकाळीही पडलेलंच दिसलं, तर त्या दिवशी पाणी. त्या दिवशी बहरबिहर विसरायचं."

मी लिंबोणीचं एक पान खुडून चुरगाळत बसले. वास चांगला होता.

"मातीला धुवणाचा वास येतो," तात्या म्हणाले.

मी दचकले. "तुम्हाला माहितीय?"

"तीस वर्षं माती हुंगतोय. मला काय कळत नाही?"

"मग रोज सकाळी ओरडता कुणावर?"

"ओरडलो नाही तर तिला कळेल ना, मला कळलंय ते." ते हसले नाहीत, पण मिशी जराशी हलली. मग बराच वेळ खुरपं चालत राहिलं. "तुला सकाळी घेरी येते म्हणे."

"पित्त आहे."

"हं."

तांबट बोलत होता. तात्यांनी एक खडा उचलून भिंतीपलीकडं टाकला.

"तिकडं पाणी कसं आहे? करमाळ्याला?"

"पाणी चांगलं आहे."

विचारलं तेवढ्याचं मी उत्तर दिलं. त्यांना पुढं विचारायचं होतं, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. मलाही सांगायचं होतं. पण मारलं असतं तर वळ दाखवता आला असता. हाकलून दिलं असतं तर दारात उभं राहून रडता आलं असतं. माझ्याजवळ दाखवायला काहीच नव्हतं, आणि जे होतं ते उच्चारलं तर लाज त्यांना वाटायच्या आधी मलाच वाटणार होती. माझ्याच तोंडून ती गोष्ट हावरटपणाची वाटली असती. म्हणून गप्प बसण्यात मी आमच्या घरात पहिला नंबर पटकावला होता. तात्यांचा दुसरा.

"उद्यापासून परत ताण धरतो," ते म्हणाले आणि उठले.

पण तो ताण पुरा व्हायची वेळ आली नाही. कार्ड आलं: रजा मिळाली आहे, रविवारी आईसह न्यायला येतो.

रविवारी दहाच्या एसटीनं ती दोघं उतरली. माझा नवरा सुधाकर इस्त्रीच्या शर्टात, हातात केळ्यांची पिशवी. मागून सासूबाई. त्या अंगानं भरदार आणि बोलायला अतिशय गोड होत्या. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नाही. त्यांना त्याची गरजच पडत नसे. अंगणात आल्या आल्या त्यांनी भिंतीकडं बघितलं.

"अगंबाई, सगळं वाळूनच गेलंय की."

"ताण दिलाय," तात्या म्हणाले.

"आमच्या दारात बघा, बारा महिने हिरवंगार." मग माझ्या हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "काय गं, माहेर चांगलंच मानवलं! गाल वर आले. आम्हाला विसरली नाहीस ना?"

मी वाकून नमस्कार केला. नवऱ्यानं "बरी आहेस?" असं माझ्या पायांना विचारलं.

आईनं पुरण घातलं होतं. पहाटे चारपासून खपत होती. पाट मांडले, तात्या, जावई, विहीणबाई. मी तुपाची वाटी घेऊन वाढायला उभी राहिले, तर आई म्हणाली, "ठेव ती. तू पण बस."

"राहू दे की, मागून जेवेल," सासूबाई म्हणाल्या. "वाढायला हाताखाली कुणीतरी नको का?"

"वैजू आहे. बस गं."

मी नवऱ्याशेजारी बसले. ताटात पुरणपोळी आली, तूप आलं, कटाची आमटी, भजी, कोशिंबीर. मी पहिली पोळी संपवली. दुसरी घेऊन आई समोर आली, आणि माझा हात आपोआप ताटावर आडवा झाला. डोळे मात्र पोळीवरच होते. डाव्या बाजूनं सासूबाईंची नजर येतेय, हे मला न बघता कळत होतं. ते मी आठ महिन्यांत शिकले होते.

"नको म्हणतीय तर नका वाढू," सासूबाई म्हणाल्या. "पित्त आहे ना तिला?"

आईनं माझा हात बाजूला केला आणि पोळी वाढली. मग वळून म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही घ्या ना. ही एक. माझ्या हातची म्हणून."

"अहो, तीन झाल्या!"

"मोजायच्या नसतात. जावईबापू, तुम्ही लाजताय."

सुधाकर खाली मान घालून जेवत होता. माझ्या ताटाकडं बघत नव्हता. तिकडंही बघत नसे. तो वाईट माणूस होता असं मी आजही म्हणणार नाही. त्याला फक्त स्वतःच्या ताटाच्या कडेपलीकडचं दिसत नसे, आणि दिसू नये याची तो काळजी घेई.

भात आला तेव्हा सासूबाईंनी विषय काढला.

"आणखी एक काम घेऊन आलेय मी. आमच्या धाकट्या दिरांचा प्रकाश. तुम्ही लग्नात बघितलाय. सोसायटीत सेक्रेटरी आहे. तुमच्या वैजयंताला त्यानं तेव्हाच हेरून ठेवलीय म्हणा ना." त्या गोड हसल्या. "देण्याघेण्याचं नाव काढायचं नाही. नारळ आणि मुलगी."

आईच्या हातातली आमटीची पळी तशीच वर राहिली. तिच्या डोळ्यांत एकदम उजेड आला, तो मी बघितला. लोणंदच्या माणसांचं काय ते त्या उजेडात कुठल्या कुठं निघून गेलं. मला तिचा राग आला नाही. दीड महिना चोरून पाणी घालून दमलेली बाई होती ती.

"विचार करू," तात्या म्हणाले.

"विचार कसला, तात्या? घर तुमच्या माहितीतलं. थोरली नांदतीय तिथं. दोघी बहिणी एकमेकींना सोबत. ती मंडळी वरच्या मजल्यावर राहतात तेवढंच, पण चूल एकच. कोठीच्या खोलीच्या किल्ल्यासुद्धा माझ्याकडंच असतात, म्हणजे पोरींना डोक्याला ताप नाही." त्या दाराकडं वळल्या. "वैजयंता, ये गं बाहेर. लाजतेस काय?"

वैजू ताकाची कळशी घेऊन दारात आली. ती लाजत होती. माझी बहीण, जी मोगऱ्याचं तोंड बघायला तयार नव्हती, जिची जीभ आईच्याही वर होती, ती खाली बघून हसत होती. प्रकाश दिसायला चांगला होता. माझ्या लग्नात तिनं मला दोनदा विचारलं होतं, तो निळ्या शर्टातला कोण. एकोणीस वर्षांची होती. दंड गोल, गाल भरलेले. हातातली कळशी तिनं कमरेवर सहज तोलली होती.

"बघा, पोरगी कशी तजेलदार आहे," सासूबाई म्हणाल्या. "आणि आमच्याकडं तर काही कमी नाही बाई तुला. दारात दोन म्हशी. दूध, दही, लोणी. धान्याच्या कणग्या भरलेल्या. खाण्यापिण्याची ददात नाही आमच्या घरात, कधी नव्हती."



तात्यांचा हात भातात थांबला होता. आई तशीच वाकून उभी होती, पळीतून आमटीचा एक थेंब पाटावर पडला, मग दुसरा. सुधाकरनं घास तोंडापाशी नेऊन खाली ठेवला. त्या खोलीत चार माणसं अशी होती की ज्यांना ठाऊक होतं, आणि चौघंही आपापल्या समोरच्या कशाकडंतरी फार लक्ष देऊन बघत होती.

सासूबाईंना त्या शांततेचं काहीच वाटलं नाही. त्यांनी माझ्या मांडीवर हलकेच हात ठेवला.

"काय गं शालन? तूच सांग की बहिणीला. कसं आहे आपलं घर?"

सुधाकरनं पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. मी काय म्हणणार, हे त्याला ठाऊक होतं. मलाही. 'छान आहे' हे दोन शब्द माझ्या जिभेवर कधीचे तयार होते. आठ महिने मी तेच लिहीत आले होते, प्रत्येक कार्डावर, वरच्या ओळीत. आताही तेवढं म्हणून टाकलं की भात संपणार होता, पानं उचलली जाणार होती, चारची गाडी मिळणार होती.

वैजू माझ्याकडं बघत होती. अजून हसतच होती, मी हो म्हणायची वाट बघत.

"वैजू," मी म्हणाले, "मला तिथं जेवायला देत नाहीत."